तेच दार दोनदा उघडल्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर वर्षे, टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त, शिक्षण कॉन्व्हेंट शाळेत, राहणार नदीकाठच्या बागेमागील गल्लीत तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर माझे धाकटे दीर व त्यांची पत्नी राहतात. पोलीस ठाण्यातून निरोप आल्यावरून मी आपल्या पायांनी चालत आले असून विचारल्यावरून सांगते ते असे.

तक्रारीत "दोन म्हाताऱ्या, एक उंच व एक बुटकी" असे वर्णन आहे. उंच ती मी. बुटकी ती माझी धाकटी जाऊ. तिला बाहेर बाकावर बसवले असून तिचा जबाब वेगळा घेणार आहेत असे कळले. अवश्य घ्यावा. मात्र मध्ये मध्ये पाणी द्यावे. ती बोलू लागली की थांबत नाही आणि मग तिचा घसा बसतो.

तक्रारदार गृहस्थ नदीपलीकडच्या कारखान्याच्या जुन्या वसाहतीत नव्यानेच राहायला आले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही दोघींनी त्यांच्या समोरच्या घराचे दार बनावट चावीने उघडले, आत गेलो, काही वेळाने बाहेर आलो, दार ओढून घेतले, त्याच चावीने पुन्हा उघडले आणि पुन्हा आत गेलो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. तक्रारदारांच्या नजरेबद्दल मला आदरच आहे. हवालदारांनी या वर्णनात "संशयास्पदरीत्या" असा शब्द घातला होता. तो मी काढायला लावला. आम्ही भर सकाळी, चांगले कपडे घालून, छत्र्या घेऊन गेलो होतो.

दार दोनदा का उघडले, असे मला आल्या आल्या विचारण्यात आले. ते शेवटी येईल. आधीचे सांगितल्यावाचून ते समजणार नाही.

माझी जाऊ रोज सकाळी चहाबरोबर पोलिसांच्या वेबसाइटवरचे बेवारस मृतांचे पान वाचते. लोक पेपर वाचतात तशी. सकाळी सकाळी हे काय वाचत बसतेस, असे मी तिला पुष्कळदा म्हटले आहे. ती म्हणाली, "वहिनी, पेपरात मेलेल्यांची नावं छापलेली असतात. त्यांना माझी काय गरज?" मी तिला चहा निवतो आहे असे सांगितले.

दोनेक महिन्यांपूर्वी त्या पानावर तिला एक जुनी नोंद दिसली. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्याच बागेत, नदीकडे तोंड केलेल्या बाकावर, एक पुरुष बसल्या जागी मृत आढळला. मृत्यू नैसर्गिक. वय अंदाजे पंचेचाळीस, केस काळे, पाकीट नाही. सोबतच्या वस्तू: चष्मा, रुमाल, कंगवा, एक चावी. वस्तूंचा फोटो होता, शेजारी मापाची पट्टी ठेवलेली. खाली सूचना अशी, की ओळख न पटल्यास या वस्तू महिनाअखेरीच्या पुढच्या महिन्यात नष्ट केल्या जातील. वाक्यरचना माझी नव्हे, या ठाण्याची आहे.

त्या बाकावर आम्ही दोघी रोज संध्याकाळी बसून भांडतो. इतकी वर्षे बसतो आहोत आणि आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून जाऊ बाकाचे एक टोक मोकळे सोडून बसू लागली. "पाहुण्यांना नको का जागा?" असे तिचे म्हणणे. मी त्याला खूळ म्हटले. तिसऱ्या दिवसापासून मीही सरकून बसू लागले. तिरीप डोळ्यांवर येते, असे कारण मी तिला दिले.

तेव्हापासून आमच्या घरात त्या गृहस्थांना पाहुणे असेच म्हणतात. जेवताना कोणी "पाहुण्यांचं काय झालं?" असे विचारले, तर कोणाबद्दल हे सांगावे लागत नाही.

जावेचे पहिले म्हणणे असे होते, की पाहुणे नाटकात काम करत असावेत, कारण खिशात कंगवा होता. पुढे ते विम्याचे एजंट झाले, मग विधुर झाले, मग कोणाच्या तरी प्रेमात पडले. मी तिला म्हटले, "अगं, बिचाऱ्याला एका महिन्यात किती राबवशील?" ती म्हणाली, "एकोणीस वर्षं नुसते पडून आहेत वहिनी, थोडं फिरू द्या." आम्ही याबाबत या ठाण्यात तीन वेळा आलो होतो. दोन वेळा "साहेब बाहेर गेलेत" असे सांगण्यात आले आणि तिसऱ्या वेळी साहेबांनी स्वतःच "मावशी, घरी जा, आराम करा" असे सांगितले. मी तीस वर्षे रात्रपाळ्या केल्या आहेत. आराम कधी करायचा ते मला कळते.

माझे दीर नदीपलीकडच्या त्याच कारखान्यात टूलरूममध्ये होते. हत्यारे आणि साचे बनवतात तो विभाग. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून आमच्या बोलण्यात ते नसतात. एके दिवशी जावेने तो फोटो छापून आणला व जेवणाच्या टेबलावर ठेवला. दिरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ही आमची चावी."

"आपल्या चाव्या खुंटीला आहेत," जाऊ म्हणाली.

"आपली नव्हे गं. आमची. कारखान्याची. क्वार्टरच्या दारांची सगळी कुलपं आम्ही टूलरूममध्ये केली. चावीच्या डोक्याला तीन भोकं, बघ. ओढलं की आपोआप लागतं, उघडायला दोन फेरे घेतं. खट्, आणि मग खट्. तसं कुलूप बाजारात मिळत नाही."

"मग हे महिनाभर आधी का नाही बोललात?"

"मला दाखवलं कोणी? या घरात मला नळ गळला तरच बोलावतात."

ही माहिती घेऊन मी ठाण्याला फोन केला. फोन उचलणाऱ्याने मला थांबायला सांगितले व फोन बाजूला ठेवून तो विसरला. पलीकडे चहाची ऑर्डर दिली गेली ती मला स्पष्ट ऐकू आली. फोन कसा धरून ठेवायचा हे मी दोन पिढ्यांना शिकवले आहे. त्यानंतर आम्ही ठाण्याच्या नादी लागलो नाही.

फोटो घेऊन आम्ही प्रथम चावीवाल्याकडे गेलो. त्याने फोटो पाहिला, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आजी, या वयात?" त्याने चावी करून दिली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवावे. मग दिरांनी कानशीने स्वतः चावी घासायला घेतली. हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही असे ते बसता उठता सांगत होते. तयार झालेली चावी वीतभर लांब होती.

"हे काय, राजवाड्याचं दार उघडायचंय?" जाऊ म्हणाली.

"तू दिलंस त्या मापाची केली."

जावेने फोटो पान भरून मोठा छापला होता आणि दिरांनी तो कागद पितळेच्या पट्टीवर डकवून त्याबरहुकूम घासले होते. फोटोत मापाची पट्टी आहे, तिच्यावर आकडे आहेत, हे दोघांपैकी कोणी पाहिले नाही. मी ते दाखवल्यावर दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले आणि माझ्याशीही. दुसरी चावी बरोबर झाली. पहिली आमच्याकडे आहे, हवी असल्यास जप्त करावी. तिने सध्या दिरांच्या खोलीची खिडकी अडवलेली असते.

वसाहतीतली घरे कारखाना बंद पडल्यावर राहणाऱ्यांनीच विकत घेतली. बहुतेकांनी दारे बदलली. जुनी दारे थोडी उरली आहेत. आम्ही चार दिवस सकाळच्या वेळी गेलो. प्रत्येक ठिकाणी बेल वाजवली, काम सांगितले आणि परवानगी घेऊनच चावी लावली. दारावर थाप न मारता कोणाच्या घरात शिरायचे नाही हे मला शाळेत सिस्टरांनी शिकवले आणि ते मी विसरलेले नाही. लोक चांगले वागले. एक जण म्हणाले, "चोरण्यासारखं काही नाही, पण चहा घेऊन जा." एका बाईंनी तीच चावी त्यांच्या कपाटाला लावून बघायला सांगितली, कारण त्यांची हरवली होती. लागली नाही. जाऊ प्रत्येक घरातून निघताना "पाहुणे इथले नव्हेत" असे म्हणे, आणि तिला वाईट वाटते की बरे वाटते ते मला कळत नसे. मलाही माझे कळत नव्हते.

चौथ्या दिवशी आम्ही तक्रारीतल्या घरापाशी आलो. दुसरा मजला, जिन्याच्या उजवीकडे. दार जुने, कुलूप जुने, पायपुसणे स्वच्छ धुतलेले. बेलचे बटण निघालेले होते व तारा लोंबत होत्या. मी थाप मारायला हात उचलला. तेवढ्यात चावी कुलपात गेली होती.

चावी कोणी घातली, असे मला तीनदा विचारण्यात आले. चावी आम्ही घातली.

ती फिरली. खट्, आणि मग खट्. दार उघडले.

समोरच्या खोलीत टेबलाशी पन्नाशी ओलांडलेली एक बाई लसूण सोलत बसली होती. खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून, खुर्चीत तिची आई बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. आईने मान वळवली नाही. ती म्हणाली, "आले बघ."

मुलगी उठून उभी राहिली. लसणाचे ताट खाली पडले. मग आई वळली आणि तिने आम्हाला पाहिले.



मुलीने आम्ही कोण ते विचारले नाही. तिने विचारले, "ही चावी तुमच्याकडे कुठून आली?"

मी विचारले, "या घराच्या चाव्या किती?"

उत्तर आईने दिले. "तीन. एक हिच्या पर्समध्ये, एक माझ्या उशाशी."

"आणि तिसरी?"

"ती हे घेऊन गेले होते. तुमच्या हातात आहे ना."

मी सांगितले की आमच्या हातात आहे ती माझ्या दिरांनी केलेली, फोटोवरून. खरी पोलिसांकडे आहे. खुर्चीतल्या बाईंना मी बसूनच राहायला सांगितले आणि जावेला फोन पिशवीत ठेवायला सांगितले. आधी फोटो दाखवला तर कोणीही काहीही ओळखते. चाळीस वर्षे "कोण बोलतंय" विचारून मगच जोडून देणारी मी बाई आहे. म्हणून प्रथम विचारले, की त्यांच्या यजमानांच्या अंगावर त्या दिवशी काय काय होते.

त्या म्हणाल्या, "चष्मा. डावी काडी मोडलेली. मी तांब्याच्या तारेने बांधून दिली होती. नवीन करा म्हटलं तर म्हणाले, तुझ्या तारेला काय झालंय? आणि कंगवा घेऊन गेले. पेन्शनच्या कार्डासाठी फोटो काढायचा होता."

"केस कसे होते?"

"पांढरे." मग त्या थांबल्या. "नाही. काळे. आदल्या दिवशी मी कलप लावला. फोटो चांगला यावा म्हणून."

"वय?"

"चौसष्ट."

मग जावेने फोनवर फोटो दाखवला. त्यांनी तो फार जवळ धरला. चष्म्याच्या डाव्या काडीला तार गुंडाळलेली आहे. त्यांनी त्या तारेवर बोट ठेवले आणि फोटो मोठा झाला. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "माझाच पीळ."

मुलगी तोवर उभीच होती. ती म्हणाली, "मी ते पान बघते. कितीदा बघितलंय. साठ, पासष्ट, सत्तर, सगळे बघितले. पंचेचाळीसचा उघडून बघितला नाही."

हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे कलप."

माझी जाऊ, जिला मी गेली पंचेचाळीस वर्षे गप्प बस म्हणते आहे, तिने त्या बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काय सुरेख लावला होतात हो. एवढ्या पोलिसांत एकालाही कळला नाही."

त्या बाई हसल्या. मग त्यांना हसू आवरेना. मग बाकीचेही आवरेना. मुलगी खाली बसली आणि सांडलेला लसूण वेचू लागली, आणि तो वेचून झाल्यावरही बराच वेळ वेचत राहिली.

येथे मला एक गोष्ट सांगायची आहे व ती शब्दशः लिहावी. त्यांनी मुलगी हरवल्याची नव्हे, नवरा हरवल्याची तक्रार त्याच रात्री दिली होती, पलीकडच्या ठाण्यात. म्हणजे एकच माणूस नदीच्या पलीकडे बेपत्ता होता आणि अलीकडे बेवारस. मध्ये पूल आहे. त्याच्यावरून बस जाते. मी ती बस पकडून गेले.

त्या बाईंनी विचारले, "कुठे होते?"

मी सांगितले, "बागेत. बाकावर, नदीकडे तोंड करून. तिथून तुमची वसाहत दिसते."

"त्रास झाला का?"

मी सांगितले की नाही, कागदात लिहिले आहे की झोप लागल्यासारखे बसले होते. कागदात तसे लिहिलेले नाही. कागदात फक्त "नैसर्गिक" एवढा शब्द आहे. उरलेले मी सांगितले आणि ते मी मागे घेणार नाही.

मग मुलगी म्हणाली, "हे कुलूप बदलूया म्हणून मी दरवर्षी मागे लागते. चावी अडकते, हात दुखतो. आई बदलू देत नाही. घर विकायलाही तयार नाही."

आई म्हणाली, "बदललं असतं आणि हे आले असते, तर आत कसे येणार होते? बेल तर तू मोडलीस."

"बेल मी नाही मोडली आई."

"बरं."

एकमेकींशी असे बोलणाऱ्या दोन बायका असल्या की घर चालू आहे असे समजावे. आमच्याकडेही असेच आहे.

आता दुसऱ्यांदा दार उघडण्याबद्दल. आम्ही निघायला उठलो. त्या बाई म्हणाल्या, "एक काम कराल? बाहेर जाऊन दार ओढून घ्या आणि परत उघडा."

मुलगी म्हणाली, "आई, कशाला?"

"मघाशी मी घाईत ऐकलं. आता ठाऊक असताना ऐकते."

आम्ही बाहेर गेलो. दार ओढून घेतले. समोरच्या दाराच्या भिंगातून कोणीतरी पाहत आहे हे मला दिसले होते, पण आम्ही कामात होतो. जावेने चावी माझ्या हातात दिली. "तुम्ही लावा, वहिनी," म्हणाली. मी चावी लावली व सावकाश फिरवली. खट्. मी थांबले, कारण कामावरून थकून आलेला माणूस तेथे थांबेल असे मला वाटले. मग खट्.

आतून त्या बाई, आम्ही अजून दिसलोही नव्हतो तेव्हा, म्हणाल्या, "पाय पुसून या."

आम्ही पाय पुसून आत गेलो. तक्रारीत ज्याला दुसरा प्रवेश म्हटले आहे तो हा.

पाहुण्यांचे नाव आता मला माहीत आहे. ते मी या जबाबात सांगणार नाही. ते सांगण्याचा मान त्यांच्या पत्नीचा आहे. त्या उद्या मुलीसोबत ठाण्यात येतील. मुलगी रक्ताच्या तपासणीला तयार आहे. त्यांना काउंटरशी उभे करू नये. खुर्ची द्यावी, पंखा लावावा आणि पाहुण्यांच्या चेहऱ्याचा ठाण्यातला फोटो त्या बसल्यावर, पाणी दिल्यावर, विचारून दाखवावा. वस्तू नष्ट करण्याचा हुकूम आजच रद्द करावा. रुमाल ठेवून घेतलात तरी चालेल, चष्मा व चावी त्यांना परत हवी आहे. "साहेब बाहेर गेलेत" हे उत्तर उद्या चालणार नाही. मी स्वतः सोबत असेन.

माझ्या दिरांनी केलेली दुसरी चावी पुरावा म्हणून जमा करावी असे मला सांगण्यात आले. ती माझ्याजवळ नाही. ती त्या घरात, दाराआड, मधल्या खिळ्याला टांगलेली आहे. तो खिळा एकोणीस वर्षे रिकामा होता. परत मागायला मी जाणार नाही. ठाण्याला हवी असल्यास कोणाला तरी पाठवावे. बेल बंद आहे. थाप मारावी, आणि पाय पुसून आत जावे.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "मुलगी हरवल्याची नव्हे" हे शब्द मी सांगितलेले नसून त्यांच्या हातून आले आहेत. खोडाखोड नको म्हणून मी ते राहू देते. बाकी सर्व माझ्या तोंडचे व खरे आहे. वाचताना, दार दुसऱ्यांदा उघडते तेथे ते थोडे थांबले. मी घाई केली नाही. सही केली. जावेला आत पाठवते.